ताप, पुरळ आणि कोरोना : त्वचेची साक्ष किती मानावी?

देवी या रोगाचे नाव आजच्या तरुण पिढीने केवळ ऐकलेले आहे. घरातील वडीलधाऱ्या मंडळींच्या दंडावर लशीचा गोल व्रण दिसतो, एवढीच त्या रोगाची आता खूण उरली आहे. भारतात देवीचा अखेरचा रुग्ण १९७५ साली आढळला आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने सारे जग देवीमुक्त झाल्याचे घोषित केले. या यशाचे मोठे श्रेय लसीकरणास आहेच. परंतु आणखी एक गोष्ट विसरता येणार नाही. देवीचा रोग झालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर व हातापायांवर फोड उमटत, आणि ते फोड कोणालाही ओळखता येत. आरोग्य कर्मचारी रोगग्रस्त बालकाचे चित्र घेऊन गावोगाव व आठवडी बाजारांतून हिंडत आणि ‘असा रुग्ण कोठे पाहिला काय?’ असे विचारीत. शिक्षक, पाटील, शाळकरी मूल यांपैकी कोणीही त्याचे उत्तर देऊ शके. त्या रोगात त्वचा हीच निःसंदिग्ध साक्ष होती.

कोरोना विषाणूची गोष्ट नेमकी याच्या उलट आहे. हा विषाणू प्रामुख्याने श्वसनमार्गाचा. बहुसंख्य रुग्णांच्या त्वचेवर तो काहीच खूण ठेवीत नाही. काहींच्या अंगावर मात्र पुरळ, चट्टे वा फोड उमटतात. आणि ते गोवर, डेंग्यू, कांजिण्या, पित्त किंवा औषधाची प्रतिक्रिया यांच्याशी इतके मिळतेजुळते असतात, की केवळ पाहून निर्णय देणे धोक्याचे ठरते. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी, आरोग्यसेविका व आशा कार्यकर्त्या यांना या साथीने एक नवा धडा दिला. त्वचा अवश्य पाहावी, पण तिचे म्हणणे सूचना म्हणून ऐकावे, निकाल म्हणून नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले असले, तरी विषाणू नाहीसा झालेला नाही. शिवाय ताप आणि पुरळ घेऊन येणारे इतर रोग दरवर्षी आपल्या दारात असतातच. म्हणून या धड्याची उजळणी उपयुक्त ठरेल.

आकडे काय सांगतात?

साथीच्या आरंभी चीनमधील १,०९९ रुग्णांच्या पाहणीत पुरळ अवघ्या २ जणांत नोंदले गेले. त्यामुळे या रोगाचा त्वचेशी संबंध नाही, असाच समज झाला. त्यानंतर इटलीतील लेक्को येथील रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञांनी ८८ रुग्ण तपासले, तेव्हा १८ जणांच्या त्वचेवर लक्षणे आढळली. त्यांपैकी बहुतेकांच्या धडावर पुरळ होते व खाज अल्प होती. ब्रिटनमध्ये हजारो नागरिकांनी स्वतः कळविलेल्या माहितीनुसार, चाचणीत कोरोना आढळलेल्यांपैकी ८.८ टक्के लोकांना पुरळ आले होते. परंतु ज्यांच्या चाचणीत कोरोना आढळला नाही, अशांपैकीही ५.४ टक्के लोकांनी पुरळाची तक्रार केली होती.

या आकड्यांत एवढी तफावत का? चीनमध्ये पहिल्या धामधुमीत डॉक्टरांचे सारे लक्ष श्वासाकडे होते, तर लेक्कोमध्ये त्वचेचे तज्ज्ञ त्वचाच शोधीत होते. जेथे पाहिले जाते तेथे दिसते, हा आरोग्य पाहणीचा जुना नियम येथे प्रत्ययास येतो. तथापि ब्रिटनमधील आकड्यांची जोडी आपल्याला अधिक मोलाची गोष्ट सांगते. कोरोना असलेल्यांत पुरळ थोडे अधिक आढळते, हे खरे. पण कोरोना नसलेल्यांतही ते काही कमी नाही. म्हणजेच पुरळ दिसले म्हणून कोरोना सिद्ध होत नाही आणि पुरळ नाही म्हणून तो नाकारताही येत नाही.

पुरळाचे पाच प्रकार

स्पेनमधील त्वचारोगतज्ज्ञांनी २०२० साली ३७५ रुग्णांच्या त्वचेवरील लक्षणांची पाच गटांत विभागणी केली. ही विभागणी समजण्यास सोपी असल्याने पुढे अनेक देशांत वापरली गेली.

(१) बारीक, सपाट व किंचित उंचवट्याचे पुरळ. हा सर्वांत मोठा गट असून ४७ टक्के रुग्ण यात होते. दिसण्यास हे गोवरासारखे किंवा औषधाच्या प्रतिक्रियेसारखे असते.

(२) अंगावर गांधी उठणे, म्हणजेच ज्यास आपण ‘पित्त उठणे’ म्हणतो. असे १९ टक्के रुग्ण होते. आपल्याकडे अशा वेळी आमसूल कोळून अंगास लावण्याची रीत आहे. त्याने खाज कमी वाटेल; पण सोबत ताप व खोकला असेल तर ते केवळ पित्त समजून घरी बसणे योग्य नव्हे.

(३) पाण्याने भरलेले बारीक फोड. हे ९ टक्के रुग्णांत आढळले. कांजिण्यांशी यांचे साम्य असते. काही रुग्णांत ते इतर लक्षणांच्या आधीच उमटले.

(४) हातापायांच्या बोटांवर सूज व जांभळट डाग. हेही १९ टक्के रुग्णांत, मुख्यतः तरुणांत व आजाराच्या उत्तरार्धात दिसले. कडाक्याच्या थंडीच्या देशांत बोटे अशी सुजतात. पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी या लक्षणास मोठी प्रसिद्धी दिली. मात्र अशा अनेकांच्या चाचणीत कोरोना आढळला नाही, त्यामुळे या दोहोंच्या संबंधाविषयी तज्ज्ञांत मतभेद राहिले.

(५) त्वचेवर जाळीसारखी जांभळट नक्षी उमटणे किंवा त्वचा काळी पडून मृत होणे. असे रुग्ण ६ टक्केच होते. पण ते वयस्क व अत्यवस्थ होते. सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या झाल्याची ही खूण असू शकते. पाचही प्रकारांत तातडीने रुग्णालयात नेण्याजोगा असा हाच प्रकार होय.

चौथ्या प्रकाराबाबत कोल्हापूर जिल्ह्यापुरती एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या पावसाळी तालुक्यांत भाताच्या लावणीच्या दिवसांत चिखलात उभे राहून काम करणाऱ्यांच्या पायांना चिखल्या होतात. बोटांच्या बेचक्यांतील त्वचा पांढरी पडते, सोलते व आग होते. तिचा कोरोनाशी काही संबंध नाही. चिखल्या बोटांच्या बेचक्यांत होतात, तर वर सांगितलेली सूज बोटांच्या वरच्या बाजूस व टोकांना येते. परदेशातील छायाचित्रे पाहून येथील शेतकऱ्याच्या पायाचे निदान करू गेल्यास फसगत होईल.

सावळ्या त्वचेचा प्रश्न

वैद्यकाच्या पुस्तकांतील पुरळाचे वर्णन बहुधा ‘लाल’ या शब्दाने सुरू होते. कारण त्या पुस्तकांतील चित्रे बहुतांशी गोऱ्या त्वचेची असतात. आपल्याकडील सावळ्या वा काळसर त्वचेवर तेच पुरळ तांबूस-तपकिरी, जांभळट अथवा केवळ आसपासच्या त्वचेहून गडद असे दिसते. कित्येकदा ते दिसतच नाही, हाताला मात्र खरखरीत लागते. म्हणून आपल्या आरोग्य केंद्रांत पुरळ केवळ नजरेने शोधून भागणार नाही. रुग्णास उजेडात बसवून, पाठ व पोट उघडे करून, हात फिरवून ते पाहिले पाहिजे. तळहात, तळपाय, तोंडाचा आतील भाग आणि डोळ्यांची खालची पापणी या ठिकाणी रंग कमी असल्याने तेथील बदल लवकर ध्यानात येतात. प्राणवायू कमी झाल्याने येणारी निळसर छटाही सावळ्या रुग्णाच्या ओठांच्या आतील बाजूस व जिभेवर शोधावी.

त्वचेच्या रंगाचा प्रश्न यंत्रापर्यंत पोहोचतो. १५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात राबविण्यात आलेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत घरोघरी तापमान व बोटाला लावावयाच्या ऑक्सिमीटरने प्राणवायूची पातळी मोजण्यात आली. असंख्य रुग्ण या लहानशा यंत्रामुळे वेळेवर रुग्णालयात पोहोचले. परंतु त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेतील एका अभ्यासातून असे निदर्शनास आले, की ऑक्सिमीटरवर आकडा समाधानकारक दिसत असतानाही रक्तातील प्राणवायू प्रत्यक्षात कमी असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत जवळजवळ तिप्पट होते. गडद त्वचेतून प्रकाश वेगळ्या रीतीने शोषला जात असल्याने यंत्र काही वेळा प्रत्यक्षाहून अधिक आकडा दाखविते. यंत्र टाकाऊ आहे, असा याचा अर्थ नव्हे. आकडा ९४ च्या खाली गेल्यास रुग्णास पाठवावेच. पण आकडा ९५ असूनही रुग्णास धाप लागत असेल, तर धापेवर विश्वास ठेवावा. बोट स्वच्छ, कोमट व नखपॉलिश नसलेले असावे, आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे.

पुरळ, पण कारण निराळे

साथीच्या काळात प्रत्येक ताप कोरोनाचा वाटतो, आणि साथ ओसरली की एकही ताप कोरोनाचा वाटत नाही. या दोन्ही चुका महाग पडतात. थायलंडमध्ये साथीच्या आरंभी रक्तस्रावी ठिपके असलेला एक रुग्ण डेंग्यूचा समजला गेला. तो प्रत्यक्षात कोरोनाचा निघाला. सिंगापूरमध्ये तर दोन रुग्णांची डेंग्यूची झटपट चाचणीही प्रथम होकारार्थी आली होती. ती चुकीची असल्याचे मागाहून उघड झाले.

आपल्या जिल्ह्यात पावसाळ्यात व त्यानंतर डेंग्यू आणि चिकुनगुन्याचे रुग्ण आढळतात. डेंग्यूत डोळ्यांच्या मागे दुखणे, तीव्र अंगदुखी व दाबल्यावरही न विरणारे बारीक ठिपके दिसतात. चिकुनगुन्यात सांधे विशेष धरतात. झुडपी भागात वावरणाऱ्यास सूक्ष्म कीटकाच्या चाव्यातून होणाऱ्या स्क्रब टायफसमध्ये चाव्याच्या जागी काळी खपली धरते. ती काखेत, जांघेत वा कमरेच्या पट्ट्याखाली दडलेली असते व शोधल्याशिवाय सापडत नाही. कांजिण्यांत निरनिराळ्या अवस्थांतील फोड एकाच वेळी धडावर दिसतात.

गोवराविषयी विशेष सावध राहणे आवश्यक आहे. कोरोनाच्या काळात बालकांच्या नियमित लसीकरणात खंड पडला आणि २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगाव येथे गोवराचा उद्रेक झाला. ताप, खोकला, नाक गळणे, डोळे लाल होणे आणि त्यानंतर कानामागून चेहऱ्यावर व खाली उतरत जाणारे पुरळ, हा गोवराचा क्रम होय. कडुनिंबाचा पाला उशाशी ठेवून वाट पाहण्याचा हा आजार नव्हे. त्यातून फुप्फुसाचा दाह होऊन बालक दगावू शकते. ९ ते १२ महिने व १६ ते २४ महिने या वयांत द्यावयाच्या लशीच्या दोन मात्रा हा त्यावरील खात्रीचा उपाय आहे.

औषधांची प्रतिक्रिया हे पुरळाचे आणखी एक मोठे कारण. कोरोनाच्या रुग्णांना अनेक औषधे एकत्र दिली गेली. त्यामुळे पुरळ विषाणूचे की गोळीचे, हे ठरविणे तज्ज्ञांनाही कठीण झाले. जुलै २०२१ मध्ये, राज्याच्या इतर भागांत दुसरी लाट ओसरत असताना कोल्हापुरात रुग्णसंख्या चढीच होती. त्यातच पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळील ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली व करवीर, शिरोळ, हातकणंगले तालुक्यांतील असंख्य कुटुंबांना स्थलांतर करावे लागले. अशा परिस्थितीत एकाच माणसाच्या अंगावरील खाजेला पुराच्या पाण्याची बुरशी, दाटीच्या वस्तीतील खरूज, कोरोना अथवा औषध अशी अनेक कारणे संभवतात. पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधासाठी देण्यात येणाऱ्या डॉक्सिसायक्लिन गोळीने काहींची त्वचा उन्हात भाजल्यासारखी होते, हेही येथे नमूद केले पाहिजे. म्हणून ‘गेल्या पंधरवड्यात कोणकोणती औषधे घेतली?’ हा प्रश्न प्रत्येक पुरळाच्या रुग्णास विचारलाच पाहिजे.

बालकांतील धोक्याची सूचना

बालकांत कोरोना बहुधा सौम्य असतो. परंतु क्वचित एखाद्या बालकात संसर्गानंतर २ ते ६ आठवड्यांनी शरीराच्या अनेक अवयवांना सूज आणणारा गंभीर आजार उद्भवतो. मूळचा संसर्ग इतका सौम्य असू शकतो, की तो घरात कोणाच्या लक्षातही आलेला नसतो. ३ दिवस वा अधिक काळ टिकणारा ताप, अंगावर पुरळ, चिपडे न येता दोन्ही डोळे लाल होणे, ओठ व जीभ लालबुंद होणे, हातापायांवर सूज, पोटदुखी, उलट्या व जुलाब ही त्याची लक्षणे होत. हृदयावर परिणाम होऊन रक्तदाब घसरल्यास बालकाचे प्राण धोक्यात येतात. वेळेवर रुग्णालयात उपचार झाल्यास मात्र बहुसंख्य बालके बरी होतात. येथे त्वचा व डोळे यांची साक्ष मोलाची ठरते, कारण खोकला वा सर्दी असेलच असे नाही.

आजार सरल्यानंतर

कोरोनातून उठल्यावर दोन-तीन महिन्यांनी अनेकांचे, विशेषतः स्त्रियांचे, केस मोठ्या प्रमाणात गळू लागले. कोणत्याही मोठ्या तापानंतर असे घडू शकते. ही गळती बहुधा काही महिन्यांत आपोआप थांबते. महागड्या तेलांवर खर्च करण्याचे कारण नाही.

याउलट एक लक्षण क्षणभरही दुर्लक्षिण्याजोगे नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत, प्रामुख्याने मधुमेही व स्टेरॉइड दिलेल्या रुग्णांत, म्युकरमायकोसिस हा बुरशीचा रोग फैलावला. चेहऱ्याच्या एका बाजूस सूज वा बधिरपणा, डोळ्याभोवती सूज, दात हलणे, नाकातून काळसर स्राव, आणि नाकाची त्वचा वा टाळू काळी पडणे ही त्याची लक्षणे. त्वचा काळी पडेपर्यंत रोग पुष्कळ पुढे गेलेला असतो. म्हणून सूज व बधिरपणा याच टप्प्यावर रुग्णास पाठविले पाहिजे.

आरोग्य केंद्रात काय करावे?

पुरळाचा रुग्ण आल्यास पुढील क्रम उपयोगी पडतो. प्रथम ताप, श्वासाची गती, नाडी, रक्तदाब व प्राणवायू मोजावा. त्वचा त्यानंतर पाहावी. मग पुरळ कधी व कोठून सुरू झाले, खाज आहे काय, घरात वा वर्गात आणखी कोणी आजारी आहे काय, कोणती औषधे घेतली, लसीकरण पूर्ण आहे काय, हे विचारावे. त्यानंतर दाबून पाहावे. दाबल्यावर न विरणारे ठिपके रक्तस्रावाचे असू शकतात. श्वसनाची लक्षणे असल्यास कोरोनाची, आणि ऋतुमान पाहून डेंग्यूची चाचणी करावी. स्पष्ट निदानाविना स्टेरॉइडचे मलम देऊ नये. नायटा त्याने प्रथम दबतो व मग अधिक पसरतो.

खालीलपैकी एकही गोष्ट आढळल्यास रुग्णास विलंब न लावता मोठ्या रुग्णालयात पाठवावे :

(१) धाप, अथवा प्राणवायू ९४ पेक्षा कमी;
(२) दाबल्यावर न विरणारे ठिपके व सोबत ताप, किंवा कोठूनही रक्तस्राव;
(३) जांभळट जाळी अथवा काळी पडलेली त्वचा;
(४) तोंडात, डोळ्यांत वा गुप्तांगावर फोड, किंवा त्वचा सोलून निघणे;
(५) गांधींसोबत ओठ वा जीभ सुजणे, आवाज बसणे;
(६) बालकास ३ दिवसांहून अधिक ताप, पुरळ व लाल डोळे;
(७) चेहऱ्याच्या एका बाजूस सूज वा बधिरपणा.

जिल्ह्यातील गंभीर रुग्णांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेले छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय हे मोठे आधारस्थान आहे. चंदगड-आजऱ्याकडील रुग्णांना गडहिंग्लजचे उपजिल्हा रुग्णालय व इचलकरंजी परिसरातील रुग्णांना तेथील इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय जवळ पडते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सर्वांना उपलब्ध आहे. पुरळाविषयी शंका असल्यास ई-संजीवनी या दूरचिकित्सा सेवेद्वारे तज्ज्ञांचा सल्ला घेता येतो. त्यासाठी छायाचित्र दिवसाच्या उजेडात, एक जवळून व एक लांबून, रुग्णाच्या संमतीने घ्यावे.

शिक्षक व पंचायत सदस्य यांचे कार्य

ताप व पुरळ असलेल्या विद्यार्थ्यास शिक्षकांनी वर्गासमोर उभे करू नये. पालकांना बोलावून आरोग्य केंद्रात पाठवावे व इतर मुलांत अशी लक्षणे आहेत काय, याची नोंद ठेवावी. एका वर्गात दोन-तीन बालकांना ताप व पुरळ दिसल्यास ती वार्ता त्याच दिवशी आरोग्यसेविकेस कळविणे, हे साथ रोखण्याचे पहिले पाऊल होय. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत लसीकरणातून सुटलेल्या बालकांची यादी वाचली जावी.

याहूनही मोठे कार्य भीती दूर करण्याचे आहे. २०२० साली आजाराहून बहिष्काराच्या भयाने लोकांनी लक्षणे लपविली, हे आपण पाहिले आहे. जो रोग अंगावर दिसतो, त्याच्या वाट्याला हे भय अधिक येते. कुष्ठरोगाचा इतिहास त्यास साक्षी आहे. पुरळ घेऊन आलेल्या माणसाकडे गावाने संशयाने पाहिले, तर पुढचा माणूस पूर्ण बाह्यांचा सदरा घालून घरीच बसेल आणि त्याचा श्वास कोंडेपर्यंत कोणास काही कळणार नाही.

देवीच्या काळात अंगावरील फोड पाहून गावातील कोणीही रोग ओळखू शकत होता. आज तेवढे सोपे राहिलेले नाही. त्वचा बोलते खरी, पण तिचे बोलणे अर्धेच असते. उरलेले अर्धे रुग्णाचा श्वास, ताप, औषधांची चौकशी व चाचणी यांतून पुरे करावे लागते. रुग्ण निर्भयपणे दारात आला आणि त्याला उजेडात बसवून नीट पाहिले गेले, तर आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना ते अशक्य नाही.